कोकण-गोव्याच्या समुद्रात बुडालेले जहाज कसे शोधावे

बुडालेल्या जहाजाचा शोध बहुतांशी जमिनीवरच लागतो. दफ्तरखान्यात, जुन्या वर्तमानपत्रांत, सागरी नकाशांवर आणि बंदरातल्या तांडेलांशी बोलताना जे हाती येते, त्यावरच समुद्रातले दिवस सार्थकी लागतील की वाया जातील हे ठरते. पाण्यात उतरण्याची पाळी अगदी शेवटी येते. ज्यांनी स्कूबा डायव्हिंग नुकतेच शिकून घेतले आहे आणि ठरलेल्या जागांवर त्याच त्या प्रवाळांभोवती फिरण्यापेक्षा आजवर कोणी न पाहिलेले एखादे जहाज शोधावे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरणे मुख्यतः मुंबई ते गोवा या पट्ट्यातली घेतली आहेत, कारण येथील कागदपत्रे मराठी माणसाला वाचता येतात आणि येथील समुद्राचा स्वभावही त्याला ठाऊक असतो.

आधी परवानगी

हा विषय कंटाळवाणा वाटला तरी तो पहिलाच घ्यावा लागतो. भारताच्या सागरी हद्दीत सोनार (ध्वनीने तळाचे चित्र काढणारे यंत्र) किंवा चुंबकमापक (लोखंडाचा माग काढणारे यंत्र) ओढून तळाचे सर्वेक्षण करणे ही खासगी हौसेची बाब नाही. त्यासाठी नौदल, तटरक्षक दल आणि महाराष्ट्रात मेरीटाइम बोर्ड किंवा गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स यांच्याकडे लेखी विचारणा करावी लागते. बंदरांच्या हद्दी, नौदलाची क्षेत्रे आणि तेलविहिरींच्या भोवतालचा ५०० मीटरांचा सुरक्षापट्टा येथे शोध घेण्याचा विचारही करू नये. मालवणचा काही समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तेथे वन खात्याचे नियम लागू होतात.

सापडलेल्या वस्तूंबाबत कायदा स्पष्ट आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्याच्या कक्षेत येते, तर बुडालेल्या जहाजातून काही उचलल्यास ते व्यापारी नौवहन कायद्यान्वये ‘रिसीव्हर ऑफ रेक’ या अधिकाऱ्याच्या स्वाधीन करावे लागते. परक्या देशाची युद्धनौका शतकभर तळाशी असली तरी ती त्या देशाचीच समजली जाते. या सर्वांचा सारांश नवख्यासाठी एवढाच की पाहावे, मोजावे, छायाचित्र घ्यावे आणि काहीही वर आणू नये. हा नियम केवळ कायद्याच्या भीतीने पाळायचा नाही. खाऱ्या पाण्यात शतकभर राहिलेला लोखंडी किंवा हस्तिदंती तुकडा बाहेर काढून नुसता वाळवला, तर त्यातील क्षारांचे स्फटिक होऊन तो काही महिन्यांत फुटू लागतो. प्रयोगशाळेची सोय नसताना वस्तू वर काढणे म्हणजे ती नष्ट करणेच होय.

जहाज कसे निवडावे

“किनाऱ्यावर एखादे जहाज सापडते का पाहू” असे म्हणून निघणाऱ्याला काहीच सापडत नाही. सुरुवात एका विशिष्ट जहाजाने करावी. प्रथम ज्या पट्ट्यात आपण नियमितपणे जाऊ शकतो तो ठरवावा, त्या पट्ट्यात बुडालेल्या जहाजांची यादी करावी आणि प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहाव्यात: जहाज कशाचे बनलेले होते, ते किती खोलीवर असण्याचा संभव आहे, बुडताना पाहणारे कोणी वाचले का, आणि वाचलेल्यांचे जबाब कोठे नोंदले गेले.

चौघांपैकी शेवटचे दोन प्रश्न सर्वांत महत्त्वाचे आहेत. कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघालेली ‘वैतरणा’ ही आगबोट, जिला लोक तिच्या विजेच्या दिव्यांमुळे ‘वीजळी’ म्हणत, नोव्हेंबर १८८८ मध्ये सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. सातशेहून अधिक माणसे गेली आणि सांगायला एकही उरला नाही. मांगरोळजवळ ती शेवटची दिसली, त्यापुढे काय घडले याचा एकही साक्षीदार नाही. असे जहाज कितीही मोहात पाडणारे असले तरी नवख्याने त्याच्या मागे लागू नये. याउलट खडकावर आदळलेले, किनाऱ्यावरून दिसलेले, ज्याचे खलाशी होडीने सुखरूप परतले असे मध्यम आकाराचे मालवाहू जहाज निवडावे. ते प्रसिद्ध नसते, म्हणूनच ते कोणी शोधलेले नसते.

एक सूचना येथेच द्यावीशी वाटते. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. त्या माणसांची कुटुंबे आजही रायगड-मुंबईत आहेत. अशी जहाजे ही समाधिस्थळे आहेत, आणि हौसेच्या डायव्हिंगच्या यादीत त्यांचे नाव नसावे असे माझे ठाम मत आहे.

कागदपत्रे कोठे आहेत आणि ती कशी वाचावीत

ब्रिटिश काळातील जहाजांसाठी पहिला आधार म्हणजे लॉइड्स लिस्ट हे १७३४ पासून चालत आलेले सागरी वृत्तपत्र आणि १७६४ पासूनच्या लॉइड्स रजिस्टरच्या वह्या. यांतील बऱ्याच वह्या आता इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. लिस्टमध्ये दुर्घटनेची बातमी मिळते, तर रजिस्टरमध्ये जहाजाचे वर्णन: लांबी, रुंदी, बांधणीचे वर्ष, बॉयलर आणि इंजिनाच्या सिलिंडरांची मापे. ही मापे उतरवून ठेवावीत, शेवटी जहाजाची ओळख पटते ती त्यांच्यावरूनच. त्यानंतर चौकशी अहवाल शोधावा. आगबोट बुडाली की सागरी चौकशी होत असे आणि त्या अहवालात कप्तानाने धरलेली दिशा, शेवटचे मोजलेले पाणी, वाऱ्याचा रोख आणि दीपगृह कोणत्या बाजूला दिसत होते हे नोंदलेले असते. मुंबई इलाख्याचे असे कागद मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

पोर्तुगीज जहाजांसाठी पणजीचे पुराभिलेखागार गाठावे. तेथील ‘लिव्रोस दास मोन्सोयेस’ म्हणजे गोवा आणि लिस्बन यांच्यात दरवर्षी मोसमी वाऱ्यांबरोबर जाणाऱ्या-येणाऱ्या पत्रांची बाडे आहेत, आणि जे जहाज पोचले नाही त्याची विचारपूस त्यांत होणारच. मराठ्यांच्या आरमाराचा माग पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांतून काढावा लागतो.

तारखांच्या बाबतीत फार काळजी घ्यावी. पोर्तुगीजांनी नवी दिनगणना १५८२ मध्येच स्वीकारली, इंग्रजांनी १७५२ मध्ये. त्यामुळे सतराव्या शतकातील एकच दुर्घटना इंग्रजी कागदात दहा दिवस आधीची दिसते, आणि अभ्यासक तिला दोन वेगळी जहाजे समजून बसतो. मोडी कागदांत सुहूर सन असतो. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ आणि जानेवारीनंतर ६०० मिळवले की इसवी सन येतो. उदाहरणार्थ, फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत इंग्रजी तोफगोळ्याने तुळाजी आंग्र्यांच्या आरमाराला आग लागून ते जळाले, ते सुहूर सन ११५६.

मराठी कागदांचा एक फायदा मात्र असा की त्यांत तिथी असते, आणि तिथी कळली की भरती-ओहोटीही कळते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी. ‘रामदास’ बुडाली तो दिवस आषाढी अमावास्येचा होता, म्हणजे उधाणाचा. पंचमीच्या पहाटे खडकावर चढलेले गलबत त्या वेळी भरतीवर होते की ओहोटीवर, हे पंचांग आणि भरतीचे कोष्टक यांवरून काढता येते, आणि भरतीवर चढलेले जहाज ओहोटीत उघडे पडून तेथेच मोडण्याचा संभव अधिक असतो.

कागदातील एखाद्या वाक्याचा विचारपूर्वक अर्थ लावल्यास काय साधते, याचे उत्तम उदाहरण ओमानच्या अल हल्लानिया बेटाचे आहे. वास्को द गामाने आपल्या दुसऱ्या सफरीनंतर मागे ठेवलेल्या तुकडीतील दोन जहाजे मे १५०३ मध्ये तेथे बुडाली. पोर्तुगीज बखरकारांनी लिहून ठेवले आहे की उत्तरेकडून मोठा वारा येणार, तेव्हा बेटाच्या दुसऱ्या बाजूला जा, असे स्थानिक कोळ्यांनी सांगितले होते. लहान जहाजे हलली, या दोन जहाजांचे कप्तान असलेल्या सोद्रे बंधूंनी मात्र आपल्या लोखंडी नांगरांवर भरवसा ठेवला. या एका हकिगतीतून जागा ठरते: उत्तरेला तोंड असलेला, नांगर टाकण्याजोगा उपसागर. बुडालेली जहाजे शोधणारे डेव्हिड मर्न्स यांच्या चमूला १९९८ मध्ये अशाच उपसागरात तोफगोळे आणि इतर अवशेष दिसले. २०१३ पासून झालेल्या उत्खननात १४९८ हे वर्ष असलेली घंटा निघाली आणि यांतील एक जहाज ‘एस्मेराल्डा’ असल्याचे मानले जाते. वारा कोणत्या दिशेचा होता, जहाज कोणत्या आडोशाला होते, नांगर तुटल्यावर ते कोणीकडे ढकलले गेले असेल, हे तीन प्रश्न प्रत्येक कागदाला विचारावेत.

तांडेलांकडून माहिती

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात, जाळी विणली-सांधली जात असतात आणि तांडेलांना बोलायला वेळ असतो. कागदांवरून जहाजांची यादी तयार करून याच दिवसांत बंदरात जावे. “इथे जहाज बुडाले आहे का?” असे विचारल्यास ऐकीव गोष्टी मिळतात, त्यांत सोन्याने भरलेले जहाज हमखास असते. त्याऐवजी “काका, जाळे कोठे अडकते? कोणत्या जागी तुम्ही जाळे टाकायचे टाळता? वाळूच्या तळात एकाच ठिकाणी तांबोशी-गोबरा का मिळतो?” असे विचारावे. सपाट गाळात उभे राहिलेले लोखंड माशांना आसरा देते आणि जाळी फाडते, त्यामुळे ती जागा मच्छीमाराला नुकसानीमुळे पक्की ठाऊक असते.

खोली ते वावेत सांगतील. एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढे अंतर, साधारण सहा फूट, म्हणून ‘दहा वाव पाणी’ म्हणजे सुमारे १८ मीटर. जुने तांडेल जागा ओळखतात ती किनाऱ्यावरच्या खुणा जुळवून: अमुक देवळाचा कळस तमुक डोंगराच्या खिंडीत आला आणि दुसरीकडे दीपगृह बेटाच्या टोकाला लागले की ती जागा. अशा दोन जोड्या नकाशावर रेषांनी काढल्या की त्या जेथे छेदतात तो बिंदू मिळतो. तांडेलाचे नाव वहीत लिहावे, त्याची होडी भाड्याने घ्यावी, आणि मिळालेली जागा दुसऱ्या गावच्या लोकांना सांगू नये, कारण ती त्याच्या पोटापाण्याची जागा आहे.

नकाशा आणि शोधाची चौकट

देहरादूनच्या नौदल जलसर्वेक्षण विभागाचे सागरी नकाशे विकत मिळतात. त्यांवर बुडालेल्या जहाजांच्या खुणा असतात. खुणेपाशी ‘पीए’ अशी इंग्रजी अक्षरे असली तर स्थान अंदाजे आहे, ‘पीडी’ असली तर स्थानच संशयास्पद आहे, आणि ‘ईडी’ असली तर तेथे काही आहे की नाही याचीच शंका आहे. नवख्याला अशा खुणा फार उपयोगी पडतात, कारण कोणी तरी काही तरी पाहिले होते, पण नेमके जाऊन तपासले नाही, असा त्यांचा अर्थ असतो. जुन्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश मात्र सरळ जीपीएसमध्ये भरू नयेत. जुन्या नकाशांचे आधारपृष्ठ (अक्षांश-रेखांश ज्याच्या आधारे मोजतात ते पृथ्वीचे गृहीत रूप, ‘डेटम’) वेगळे असल्याने त्यात काहीशे मीटरांचा फरक पडू शकतो. होकायंत्राची दिशा दिली असल्यास त्या वर्षीचा चुंबकीय विचलनाचा कोनही हिशेबात घ्यावा.

यानंतर कागद, तांडेल आणि नकाशा या तिन्हींची माहिती एकत्र मांडून शोधाची चौकट आखावी. चौकट लहान ठेवणे किती महत्त्वाचे आहे ते आकड्यांतच पाहावे. २ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटर रुंद चौकट घेतली, साइड स्कॅन सोनार प्रत्येक बाजूला ५० मीटर पाहणारा असला आणि शेजारच्या फेऱ्या एकमेकींवर थोड्या चढाव्यात म्हणून त्या ७५ मीटर अंतराने मारल्या, तर २० फेऱ्या म्हणजे ४० किलोमीटर होतात. ४ नॉट वेगाने हे काम साडेपाच तासांचे, वळणे धरून एका दिवसाचे आहे. चौकटीच्या दोन्ही बाजू दहापट केल्या तर काम शंभरपट होते: ४,००० किलोमीटर, ५४० तास. इंधनाचा खर्च तेवढ्याच पटीने वाढतो. दफ्तरखान्यातील आणखी एक आठवडा या हिशेबात कधीही स्वस्तच पडतो.

सोनार आणि चुंबकमापक

मासेमारीच्या होड्यांवर बसवण्याजोगे, बाजूचे चित्र दाखवणारे छोटे सोनार उथळ पाण्यात पुरेसे काम देतात. चित्रात आकारापेक्षा सावलीकडे लक्ष द्यावे. समुद्रतळातून वर आलेली वस्तू ध्वनी अडवते आणि तिच्या मागे काळा पट्टा उमटतो. निसर्गात सरळ रेषा आणि काटकोन क्वचितच आढळतात, म्हणून सरळ कडेची सावली दिसली की थांबावे. सावलीवरून उंचीही काढता येते: सावलीची लांबी गुणिले तळापासून सोनारची उंची, भागिले सोनारपासून सावलीच्या टोकापर्यंतचे अंतर. सोनार तळापासून १० मीटर वर, सावली १२ मीटर आणि टोक ६० मीटर दूर असेल, तर वस्तू २ मीटर उंच आहे. उरलेल्या बॉयलरला ही उंची शोभण्याजोगी आहे. संशयास्पद जागेवरून आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी पुन्हा जावे, कारण एकाच बाजूने पाहिलेला खडकही जहाजासारखा दिसतो.

चुंबकमापक गाळाखाली गाडलेले लोखंड दाखवतो, परंतु लोखंडाचा परिणाम अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो. अंतर दुप्पट झाले की तो एक-अष्टमांशच उरतो. शिवाय मुंबई-रायगड-रत्नागिरीचा खडक बसाल्टचा आहे आणि बसाल्टमध्ये स्वतःचेच चुंबकत्व असते, त्यामुळे या किनाऱ्यावर यंत्र खडकालाच जहाज म्हणून दाखवत राहते. सुरुवातीच्या काळात त्यावर पैसे घालू नयेत.

पाण्याखालची पहिली पाहणी

ऑक्टोबरअखेर ते मे या काळात, भांगाच्या दिवसांत, पाणी थांबलेले असताना उतरावे. उधाणात मुंबईकडे पाणी चार मीटरांहून अधिक चढते-उतरते आणि त्याचा ओढा डायव्हरला घेऊन जातो. गोव्याकडे हा फरक निम्म्याच्या आसपास असतो. कोकणात दृश्यता बऱ्याचदा दोन-तीन मीटरच असते, म्हणून बोयाला बांधलेल्या दोरीनेच खाली जावे आणि वजनाला बांधलेल्या रिळाच्या दोरीने गोल फिरत शोध घ्यावा. पहिली फेरी ५ मीटरांची, मग १०, मग १५, आणि दोरी कोठे अडली की तेथे वस्तू आहे. नुसता ओपन वॉटरचा, म्हणजे डायव्हिंगचा प्राथमिक दाखला असणाऱ्याने १८ मीटरांच्या खाली जाऊ नये. प्रगत प्रशिक्षण तारकर्लीच्या एमटीडीसीच्या केंद्रात किंवा गोव्यात घ्यावे.

सर्वांत मोठा धोका अडकलेल्या जाळ्यांचा आहे. फाटलेले नायलॉनचे जाळे गढूळ पाण्यात दिसत नाही, ते टाकीच्या व्हॉल्व्हमध्ये पाठीमागे गुंतते आणि स्वतःच्या हाताने सुटत नाही. दोघांकडेही कात्री आणि सुरी असावी, ती दोन वेगवेगळ्या जागी बांधलेली असावीत, आणि जोडीदार हाताच्या अंतरावर असावा. जहाजाच्या आत शिरण्याचा प्रश्नच येत नाही. जवळचा रिकम्प्रेशन कक्ष (डायव्हरला होणाऱ्या दाबाच्या आजारावर उपचार करण्याची खोली) कोठे आहे आणि तेथे पोचायला किती वेळ लागतो, हे होडी सुटण्यापूर्वी लिहून तांडेलाकडे द्यावे.

चित्रातल्यासारखे उभे जहाज दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये. उबदार पाण्यातील लाकूड जहाजकिडा खाऊन टाकतो, आणि उरतात ते बालास्टचे (जहाज स्थिर राहावे म्हणून तळाशी भरलेले) दगड, तोफा, नांगर, भांड्यांचे तुकडे. गोव्याच्या सुंची रीफवर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांना सतराव्या शतकातील पोर्तुगीज जहाजाचे जे अवशेष मिळाले, त्यांत लाकूड जवळजवळ नव्हते. तोफा, घडीव दगड, चिनी भांडी, मर्तबानी बरण्यांचे तुकडे, हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात होते. हस्तिदंत आणि पाणघोड्याच्या दातांवरून जहाजाचा माल पूर्व आफ्रिकेशी जोडता येतो. गोव्याच्याच एमी शोल या उथळ जागेवर सापडलेल्या आगबोटीचे बॉयलर आणि भट्टीच्या विटा उरल्या होत्या.

ओळख पटवणे

सापडलेली पहिली तारीख हीच बुडण्याची तारीख, असे मानण्याची चूक सर्रास होते. गोव्याच्या सेंट जॉर्ज रीफवर मिळालेल्या कौलारू मालावर बासेल मिशन टाइल वर्क्स आणि १८६५ असे छापलेले आहे. कोकणातल्या कोणत्याही जुन्या घराच्या छपरावरचे मंगळुरी कौल उलटे करून पाहावे, त्यावरही कारखान्याच्या नावासह असे वर्ष सापडते. ते कारखाना स्थापन झाल्याचे वर्ष आहे, कौल भाजल्याचे नव्हे. म्हणून १८६५ हे वर्ष एवढेच सांगते की जहाज त्याआधी बुडालेले नाही. नाण्यांनाही हाच न्याय लागू होतो: सर्वांत नवे नाणे एवढेच सांगते की जहाज त्याच्या वर्षाआधी बुडालेले नाही, त्याहून जुनी सर्व नाणी त्याबाबत निरुपयोगी असतात.

आगबोटीची ओळख इंजिनावरून पटते. दोन सिलिंडरांचे कंपाउंड इंजिन आधीचे, तीन सिलिंडरांचे ट्रिपल एक्स्पान्शन इंजिन १८८० च्या दशकापासून रूढ झालेले. सिलिंडरांवर शेवाळ-शिंपल्यांचा थर असतो तो खरवडू नये, लवचीक टेपने परीघ घ्यावा, त्याला ३.१४ ने भागून बाहेरचा व्यास काढावा आणि थराची व धातूची जाडी वजा करावी. येणारे माप रजिस्टरमधील आतल्या व्यासाशी तंतोतंत जुळणार नाही, परंतु तीन सिलिंडरांचे परस्पर प्रमाण जुळले पाहिजे. रजिस्टरमध्ये २०, ३३ आणि ५४ इंच लिहिले असेल आणि पाण्याखाली पहिल्याच्या मानाने तिसरा सुमारे पावणेतीन पट भरत असेल, तर यादीतील ते नाव पहिल्या क्रमांकावर घ्यावे. त्यानंतर बॉयलरांची संख्या, पंख्याची पाती, नांगराची घडण यांचा मेळ घालावा. तीन स्वतंत्र गोष्टी जुळल्याशिवाय नाव जाहीर करू नये.

जीपीएसचे स्थान, मोजमापांचा तक्ता, मोजपट्टीसह घेतलेली छायाचित्रे आणि हाताने काढलेला आराखडा असा अहवाल करून तो रिसीव्हर ऑफ रेक, दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या जलांतर्गत शाखेकडे पाठवावा. नेमके स्थान समाजमाध्यमांवर टाकू नये, छायाचित्रांत दडलेली स्थानमाहितीही काढून टाकावी. मोजमापे यादीतील नावाशी जुळली नाहीत, तर मात्र आराखडा तसाच ठेवून पुन्हा पुराभिलेखागारात जावे आणि त्या आसपासच्या दहा वर्षांतील दुर्घटना नव्याने वाचाव्यात, कारण आता जहाज हाताशी आहे आणि शोधायचे आहे ते त्याचे नाव.